ऑफेन्स वेगवान, म्हणून डिफेन्स ढिला? कॉलेज फुटबॉलच्या आकड्यांत शिरू पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत स्टॅटिस्टिक्स किंवा डेटा सायन्सच्या एमएसला आलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना पहिल्या सप्टेंबरातच कळतं की शनिवारी कॅम्पसवर अमेरिकन फुटबॉलशिवाय दुसरं काही चालत नाही. बहुतेक जण त्या दिवशी लायब्ररी रिकामी मिळते म्हणून खूश असतात. मीही त्यातलाच होतो. पुढे प्रोजेक्टसाठी विषय शोधताना लक्षात आलं की याच खेळाचा डेटा फुकट मिळतो, भरपूर मिळतो, आणि त्यातले प्रश्न वर्गातल्या तयार डेटासेटपेक्षा कितीतरी खमंग असतात. मी जो प्रश्न धरला तो टीव्हीवरचे समालोचक दर आठवड्याला एका वाक्यात निकाली काढतात: संघाचा ऑफेन्स फार वेगवान असेल तर त्याचाच डिफेन्स मार खातो. हे खरं आहे का, आणि असेल तर किती, एवढंच शोधायचं होतं. स्पोर्ट्स अ‍ॅनालिटिक्समध्ये शिरायचं असेल तर यापेक्षा चांगला पहिला प्रश्न मला तरी माहीत नाही.

खेळ अजिबात न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. ऑफेन्सला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. प्रत्येक संधी म्हणजे एक प्ले. चेंडू हातात आल्यापासून जाईपर्यंतच्या प्लेंची साखळी म्हणजे ड्राइव्ह. संघाचे ऑफेन्सचे अकरा आणि डिफेन्सचे अकरा खेळाडू सहसा पूर्ण वेगळे असतात. म्हणजे आपला ऑफेन्स मैदानावर असतो तेव्हा आपला डिफेन्स बाकावर बसून पाणी पीत असतो. आपल्या प्रश्नाचा सगळा खेळ या एका गोष्टीत आहे.

आता घड्याळ. पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं. चेंडू घेऊन धावणारा मैदानातच पाडला गेला तर घड्याळ चालूच राहतं. दोन प्लेंच्या मध्ये ४० सेकंदांची मुभा असते. कोणी ती शेवटच्या सेकंदापर्यंत वापरतो, कोणी दहा-पंधरा सेकंदांत पुढचा प्ले सुरू करतो. ओरेगन विद्यापीठात चिप केली मुख्य प्रशिक्षक होता (२००९ ते २०१२), तेव्हा त्याचा संघ हडल (पुढचा प्ले ठरवायला गोलात जमणं) न करताच रांगेत उभा राहायचा. ऑफेन्सने खेळाडू बदलला नाही तर डिफेन्सलाही बदलायला वेळ मिळत नाही, त्यामुळे दमलेला लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) तसाच धापा टाकत उभा. २०१४ च्या सुरुवातीला अशा वेगाला लगाम घालणारा, डिफेन्सला बदलीसाठी दहा सेकंद देणारा नियम सुचवला गेला होता. अलाबामाचा तेव्हाचा प्रशिक्षक निक सेबन त्या बाजूने बोलला, पण इतका गदारोळ झाला की प्रस्ताव मतदानापर्यंत गेलाच नाही.

वेगवान संघाचा डिफेन्स वाईट दिसतो, हे निरीक्षण चूक नाही. ते नेमकं कुठे दिसतं, ते बघायला हवं. वर्तमानपत्रं आणि अधिकृत याद्या वर्षानुवर्षं डिफेन्सचा क्रम ‘सामन्यामागे दिलेले यार्ड’ यावर लावत आल्या आहेत. एका गोलंदाजाने चार षटकांत चाळीस धावा दिल्या आणि दुसऱ्याने दहा षटकांत चाळीस, तर दोघांना सारखं कोणी म्हणणार नाही. इथे मात्र नेमकं तेच केलं जातं.

याचं माझं आवडतं उदाहरण २२ सप्टेंबर २०१८ चा आर्मी विरुद्ध ओक्लाहोमा सामना. आर्मी म्हणजे वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. तिचा ऑफेन्स ट्रिपल ऑप्शन खेळतो: पास जवळजवळ नाहीत, तीन-चार यार्डांच्या धावा, आणि घड्याळ सतत चालू. ओक्लाहोमाकडे क्वार्टरबॅक (ऑफेन्स चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) कायलर मरी, जो त्याच वर्षी हाइझमन (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) जिंकला. आर्मीने चेंडू ४४ मिनिटं ४१ सेकंद स्वतःकडे ठेवला. ओक्लाहोमाला ६० पैकी जेमतेम १५ मिनिटं मिळाली. आर्मीचे ८७ प्ले, ओक्लाहोमाचे ४०. ओक्लाहोमा अतिरिक्त वेळेत २८-२१ ने कसाबसा जिंकला.

आर्मीच्या डिफेन्सने त्या दिवशी ३५५ यार्ड दिले. ओक्लाहोमासारख्या संघासमोर हा आकडा कुणालाही चांगला वाटेल. तो ४० ने भागा. प्लेमागे जवळजवळ नऊ यार्ड, म्हणजे वाताहतच. उलट ओक्लाहोमाच्या डिफेन्सने ३७९ यार्ड दिले, पण ८७ प्लेंत, म्हणजे प्लेमागे साडेचारच्याही आत. सामन्यामागच्या यादीत आर्मी वर जाते, प्लेमागच्या यादीत गणित उलटं होतं. आर्मीच्या ऑफेन्सने डिफेन्सला ‘सुधारलं’ नाही, त्याने भाजक बदलला. अभ्यासाची पहिली पायरी म्हणून हा एकच सामना स्प्रेडशीटमध्ये हाताने मांडा. पुढचं पुष्कळसं त्यातच कळेल.

इथे नवख्यांच्या डोक्यात हमखास एक समज असतो: चेंडू जास्त वेळ ठेवला म्हणजे आपल्याला संधी जास्त मिळतात. तसं नाही. चेंडू आळीपाळीने जातो. एकाची ड्राइव्ह संपली की दुसऱ्याची सुरू. सामन्याअखेरीस दोघांच्या ड्राइव्ह जवळपास सारख्याच असतात. संथ संघ स्वतःच्या ड्राइव्ह वाढवत नाही, तो दोघांच्याही कमी करतो. आर्मीसारख्या दुबळ्या बाजूला हे सोयीचं असतं, कारण जितक्या कमी ड्राइव्ह तितका नशिबाचा वाटा मोठा. दोन फंबल (हातातून सुटलेले चेंडू) इकडचे तिकडे झाले की बलाढ्य संघ अडचणीत. म्हणून डिफेन्स मोजताना मी प्लेमागचे यार्ड आणि ड्राइव्हमागचे गुण असे दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. एकच हवा असेल तर ड्राइव्हमागचे गुण घ्यावेत, हे माझं मत. काही जण यावर वाद घालतील.

भाजक दुरुस्त केल्यावर समालोचकांच्या दाव्यातली बरीच हवा जाते. २०१० चा ओरेगन गुण मिळवण्यात देशात पहिला होता आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात ऑबर्नकडून २२-१९ ने हरला. त्याच्या डिफेन्सवर सतत प्ले येऊन आदळत, तरी प्लेमागे मोजलं तर तो देशातल्या चांगल्या डिफेन्सपैकी होता. दम लागतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून डिफेन्सचा समन्वयक निक अलिओटी एका सामन्यात इतरांपेक्षा कितीतरी जास्त खेळाडू आलटून पालटून उतरवायचा. म्हणजे ऑफेन्सच्या शैलीचा परिणाम झालाच, पण तो यार्डांत नाही, संघाच्या बांधणीत दिसला. हे कोणत्याही तक्त्यात आपोआप येत नाही. कोण किती स्नॅप (म्हणजे प्ले) खेळला, हे मोजावं लागतं.

थकव्याबद्दल बोलायचं तर ७ नोव्हेंबर २०१३ चा स्टॅनफर्ड-ओरेगन सामना बघा. केली तोवर एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) गेला होता, शैली तीच होती. स्टॅनफर्डने ४२ मिनिटं ३४ सेकंद चेंडू ठेवला आणि २६-२० ने जिंकला. ओरेगनचा डिफेन्स दमून कोसळला, असं त्या सामन्याबद्दल सांगितलं जातं. पण स्टॅनफर्डचा टायलर गॅफनी ४५ वेळा धावला आणि त्याचे यार्ड झाले १५७. धावेमागे साडेतीन. कोसळलेल्या डिफेन्सविरुद्ध यार्ड असे मोजूनमापून मिळत नाहीत. डिफेन्स दर वेळी थोडंच देत होता, फक्त तिसऱ्या डाउनला हवे तेवढे देत होता. थकवा मोजायचा असेल तर चौथ्या क्वार्टरची सरासरी काढून थांबू नका. त्या क्षणापर्यंत डिफेन्स किती स्नॅप खेळला आणि मधे किती विश्रांती मिळाली, हे दोन्ही मॉडेलमध्ये घाला. आणि गुणफरकही. आघाडीवरच्या संघाचा डिफेन्स मुद्दाम मागे सरकून छोटे पास होऊ देतो, त्याला थकवा समजू नये.

दुसऱ्या टोकाला टेक्सस टेक. प्रशिक्षक माइक लीचने तिथे एअर रेड (पासवर भर देणारी ऑफेन्सची पद्धत) रुजवली आणि तो गेल्यावरही पासची चटक राहिली. २२ ऑक्टोबर २०१६ ला लबकमध्ये ओक्लाहोमाने त्यांना ६६-५९ ने हरवलं. दोन्ही संघांचे यार्ड बरोबर ८५४. पॅट्रिक माहोम्सने ८८ पास फेकले, ७३४ यार्ड मिळवले, आणि हरला. तो सामना लावून बघाच, करमणूक म्हणून. पण इथे भाजकाची सबब चालत नाही. त्या वर्षीचा टेक्सस टेकचा डिफेन्स वेग वजा केला तरी वाईटच होता. मग दोष शैलीचा का? कदाचित, पण आडवाटेने. एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) नियमानुसार हंगामात सरावाला आठवड्याला २० तास मिळतात. वसंतातल्या आणि ऑगस्टच्या सरावात डिफेन्स समोर बघतो तो आपलाच ऑफेन्स. रोज रुंद पसरलेले पास बघणाऱ्यांना अंगावर येणारी धाव थोपवायची सवय कमी लागते, हा तर्क प्रशिक्षक मंडळी नेहमी देतात. त्यात शिष्यवृत्त्या त्या काळी मोजक्या आणि चांगले रिसीव्हर (पास झेलणारे) अशा संघाकडे आपणहून येतात, तगडे डिफेन्सिव्ह लाइनमन येत नाहीत. शिवाय बिग ट्वेल्व्हमध्ये (टेक्सस टेकच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटात) त्या काळी समोरचे संघही असेच उधळणारे. प्रतिस्पर्ध्याची ताकद वजा केल्याशिवाय त्या कॉन्फरन्समधल्या कुठल्याही डिफेन्सबद्दल बोलू नये.

आणि मग आयोवा. शैलीचा डिफेन्सवर खरा, मोजता येणारा परिणाम बघायचा तर आयोवासारखं दुसरं ठिकाण नाही. २०२३ मध्ये आयोवाचा ऑफेन्स यार्डांत अख्ख्या एफबीएसमध्ये (कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या विभागात) शेवटचा होता. समन्वयक ब्रायन फेरेन्ट्झच्या करारात संघाने सामन्यामागे २५ गुण मिळवावेत अशी अट होती, झाले १५.४. तरी संघाने दहा सामने जिंकले. नॉर्थवेस्टर्नला १०-७, नेब्रास्काला १३-१०, इलिनॉयला १५-१३. डिफेन्सचा समन्वयक फिल पार्कर त्या वर्षी देशातला सर्वोत्तम सहायक प्रशिक्षक ठरला, आणि पंटर (ऑफेन्स अडला की चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देणारा) टोरी टेलरने ४,४७९ यार्ड पंट करून एका हंगामाचा विक्रम केला. आदल्या वर्षी साउथ डकोटा स्टेटला त्यांनी ७-३ ने हरवलं, त्यात टचडाउन (चेंडू गोललाइनपार नेणं) एकही नव्हता: एक फील्ड गोल (खांबांमधून लाथाडलेला चेंडू, तीन गुण) आणि डिफेन्सने मिळवलेल्या दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोललाइनमागे पाडणं, प्रत्येकी दोन गुण)!

हसू येतं, पण यात एक धोरण आहे. चेंडू गमवायचा नाही, जमलं नाही तर लांब पंट मारायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची ड्राइव्ह त्याच्याच गोललाइनजवळ सुरू होते. १० यार्डांच्या रेषेवरून सुरू झालेली ड्राइव्ह आणि ४० वरून सुरू झालेली, यांतून अपेक्षित गुण फार वेगळे. ही कल्पना नवी नाही. एनएफएलचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी १९७१ मध्येच मैदानावरच्या जागेप्रमाणे अपेक्षित गुण काढले होते. तेव्हा डिफेन्सच्या ड्राइव्हमागच्या गुणांतून सुरुवातीच्या जागेचा हिस्सा वेगळा काढा. आयोवाचा डिफेन्स त्यानंतरही उत्तमच राहतो, पण चकाकी थोडी उतरते. ती उतरलेली चकाकी म्हणजे ऑफेन्सच्या (आणि पंटरच्या) शैलीने दिलेला हातभार.

प्रोजेक्टसाठी आयोवा आणखी एका कारणाने सोयीचं. ऑफेन्सची शैली बदलते तेव्हा बहुधा मुख्य प्रशिक्षकच बदललेला असतो, आणि त्याबरोबर डिफेन्सचा माणूस, भरती, सगळंच. जॉर्जिया टेकने २०१८ नंतर ट्रिपल ऑप्शन सोडली, तेव्हा असंच झालं. आधीच्या-नंतरच्या डिफेन्सची तुलना करून शैलीबद्दल काही सिद्ध होत नाही. आयोवात पार्कर २०१२ पासून डिफेन्स सांभाळतोय आणि ऑफेन्सचे समन्वयक मात्र बदलले: २०१६ पर्यंत ग्रेग डेव्हिस, २०२३ पर्यंत फेरेन्ट्झ, २०२४ पासून टिम लेस्टर. दुसरी तयार संधी २०२३ च्या नियमबदलाची. दहा यार्ड पूर्ण करून नवा पहिला डाउन मिळाल्यावर घड्याळ थांबणं प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून बंद झालं, म्हणजे सगळ्यांच्याच सामन्यांत प्ले कमी झाले. वेगवान संघांच्या डिफेन्सचे प्लेमागचे आकडे त्यामुळे सुधारले का, हा प्रश्न सेमिस्टरच्या प्रोजेक्टला पुरून उरेल.

साधनांचं फार कौतुक नको. प्ले-बाय-प्ले डेटा कॉलेजफुटबॉलडेटा डॉट कॉमवर मोफत की घेऊन मिळतो, आर वापरत असाल तर सीएफबीफास्टआर पॅकेज आहे. ‘सक्सेस रेट’ची व्याख्या पाठ करून टाका: पहिल्या डाउनला लागणाऱ्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. निकाल लागून गेलेल्या सामन्यांतले शेवटचे प्ले काढून टाका. प्रतिस्पर्ध्यांची ताकद वजा करायला साधं रिज रिग्रेशन पुरतं; हंगामाला बारा सामने आणि एकशे तीसहून अधिक संघ, त्यात न्यूरल नेटवर्क लावणाऱ्याकडे मुलाखतीत लोक जरा संशयानेच बघतात.

कामाचं म्हणाल तर सुरुवात अगदी कंटाळवाण्या कामाने होते. माझी झाली ती फिल्म टॅग करण्याने: प्रत्येक प्लेला फॉर्मेशन कोणतं, पर्सनेल कोणतं (एक रनिंग बॅक आणि एक टाइट एंड म्हणजे ‘११’), डिफेन्सने क्वार्टरबॅकवर किती जण धाडले. आपल्याकडच्या मुलांना हे काम कमीपणाचं वाटतं. खेळ समजायला त्याहून जलद रस्ता नाही, आणि प्रशिक्षकाशी त्याच्या भाषेत बोलता येतं ते यामुळेच. त्याला रिग्रेशनचा कोइफिशंट सांगू नका. ‘आपल्या तीन-प्लेंत संपलेल्या ड्राइव्हनंतर लगेच मैदानावर आलेला डिफेन्स’ अशा क्लिप्स काढून दाखवा, दोन मिनिटांत मुद्दा पोचतो. एफ-१ व्हिसावर असाल तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच, आणि बिनपगारी कामाबद्दलही आधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला विचारून घ्या. एनएफएलची बिग डेटा बोल स्पर्धा दर वर्षी असते, ती व्यावसायिक खेळाच्या डेटावर असली तरी नाव होण्यासाठी चांगली.

फुटबॉल विभागाला ईमेल करायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, वसंतातला सराव सुरू होण्याच्या सुमारास करा. सोबत सीव्हीऐवजी एका पानाचं विश्लेषण जोडा, आणि ते त्याच विद्यापीठाच्या डिफेन्सबद्दलचं असू द्या. ऑगस्ट ते डिसेंबर तिथे कोणी ईमेल उघडत नाही.