रातच्या लाईनीआधी काठीची बॅटरी

या आठवड्यापासून आमच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, पुन्हा रातची लाईन आहे, वीज रात्रीच येते. दिवसा आली तर आठ तास, रात्री आली तर दहा. गव्हाला पाणी भरायचं म्हटलं की वावरात जावंच लागतं. यंदा नवी बॅटरी घेणार असाल किंवा माळ्यावरची जुनी उतरवणार असाल, तर निघण्याआधी हे वाचून घ्या. मी काठीला बांधायच्या बॅटरीबद्दल लिहितोय. एका हातात फावडं, दुसऱ्यात काठी, मग बॅटरी धरायला हात राहत नाही.

सगळ्यात आधी मागची टोपी अर्धा फेरा सैल करा. बाकी सगळं नंतर.

गेल्या पौषात मी बॅटरी फुल चार्ज करून संध्याकाळी सहालाच पिशवीत टाकली. तिच्यावर गोधडी, गोधडीवर जेवणाचा डबा. पिशवी ओट्यावर तशीच पडून. डब्याच्या वजनाने बटण कधी दाबलं गेलं ते कळलंच नाही. साडेनऊला वावरात जाऊन पिशवीत हात घातला तर बॅटरी विझलेली. गोधडी बाहेर काढली तर जिथे काच टेकली होती तिथे रुपयाएवढं काळं भोक, त्याच्या कडेचा कापूस तांबूस, आणि हात लावला की भुगा गळायचा. घरात आग लागली असती. सेल तर पार संपलेला.

लाईन आली, मोटर सुरू झाली. मध्यरात्रीच्या सुमारास पाटाचा बांध फुटला. पाण्याचा आवाज येत होता, पण फुटलाय कुठे ते दिसत नव्हतं. मोबाईलच्या उजेडात जागा सापडेपर्यंत पाणी शेजारच्या दादांच्या हरभऱ्यात शिरलं. हरभऱ्याला साचलेलं पाणी सोसत नाही. त्या कोपऱ्यातली झाडं आधी पिवळी पडली, मग वाळली. दादा एक शब्द बोलले नाहीत. म्हणून सांगतो, टोपी सैल करा. टोपीच्या आट्यांवर काळा मुलामा असेल तर अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते, मग बटण कितीही दाबलं तरी ती पेटत नाही. आटे नुसते चकाकत्या ॲल्युमिनियमचे असतील तर हा उपाय चालत नाही. तिथे सेल काढून वेगळ्या डबीत ठेवा. सुट्टा सेल किल्ल्यांच्या नाहीतर चिल्लरीच्या खिशात टाकायचा नाही.

आता बॅटरी निवडायची कशी? दुकानदार ल्युमेनचा आकडा सांगतो. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जाणार हे कँडेलावर, म्हणजे झोताच्या तीव्रतेवर ठरतं. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कँडेला असेल तर २०० मीटर, ४०,००० असेल तर ४००. पण त्या शेवटच्या टोकाला उरतो तो जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड, म्हणून कामाचं अंतर निम्म्याहून कमीच धरा. गव्हाच्या वाफ्यांना १०,००० खूप झाले. मक्यात रानडुकरांची राखण करायची असेल तर थोडा लांब झोत घ्या, पण त्याच्याभोवती पसरट उजेडही हवा. नुसत्या सुईसारख्या झोतात पायाजवळचं काही दिसत नाही. हजारांचे आकडे तसेही काही मिनिटांपुरते असतात, बॅटरी तापली की उजेड आपोआप उतरतो. सलग तासन्‌तास ३०० ल्युमेन देणारी घ्या.

कपाळाला बांधायची घेऊ नका असं मी म्हणणार नाही, बरेच जण वापरतात. पण तिचा उजेड डोळ्यांच्या जवळून निघतो, त्यामुळे सावली जिनसाच्या मागे लपते आणि जमीन सपाट दिसते. काठीला गुडघ्याच्या उंचीवर बांधलेल्या बॅटरीचा उजेड जमिनीलगत जातो. ढेकळाची, उंदराच्या बिळाची, आडव्या पडलेल्या सापाची लांब सावली पडते. वाळल्या पाल्यात फुरसं असंच दिसतं, एरवी ते पाल्याच्याच रंगाचं. त्यासाठी निळसर पांढऱ्यापेक्षा जरा पिवळसर उजेड बरा. शिवाय बॅटरी काठीवर असली की चिलटं तोंडावर येत नाहीत.

काठी आपटत चालायचं असतं, म्हणून सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग आहे का बघा. एकाच बाजूला असेल तर प्रत्येक ठोक्याला उजेड मिचकतो. दुकानातच तळहातावर चार वेळा आपटून बघा, दुकानदाराला काय वाटायचं ते वाटू द्या. बांधायला सायकलच्या हँडलची क्लिप चालते, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा म्हणजे सरकत नाही.

सेलमध्ये फसवणूक फार. सेलवर १८६५० असं माप असतं, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. एमएएच म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचा आकडा, या मापात चांगल्यात चांगला सेल साधारण ३,५०० एमएएचचा. वेष्टनावर ९,९०० लिहिलेलं दिसलं की परत ठेवा. शंका आली तर सराफाकडे काट्यावर ठेवून बघा, जळगावात सराफाला काय तोटा! खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३० च्या आसपास भरला तर आत माल नाही. दोन सेल घ्या, दोन्ही आदल्या दिवशी चार्ज करा. आणि टोपी सैल.

पाण्यासाठी आयपीएक्स-७ पुरे: एक मीटर खोल, अर्धा तास. टोपीतली रबरी रिंग फाटलेली नको.

गमबूट, कानटोपी, टेस्टर, हे सांगायला नको. पाटाचं तोंड फोडायला वाकण्याआधी चारी बाजूंनी उजेड फिरवा. कारण बिबट्या, यावल-चोपड्याकडच्यांना ते माहीत आहे. डोळे चमकले तर वाकू नका, पळू नका, उभं राहून आवाज करत मागे सरा. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय न हलवता १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. म्हणजे मोबाईलही चार्ज हवा, आणि कुठल्या वावरात आहात ते घरी माहीत हवं.

पिशवी भरून झाली की उचलण्याआधी बॅटरी बाहेर काढा आणि बटण दाबून बघा. पेटली तर टोपी आणखी सैल करा, पुन्हा दाबा. पेटायची थांबली की मगच आत, आणि डब्याखाली नाही, बाजूच्या कप्प्यात.