रोप घेण्याआधी जागा बघा

माझा पहिला गुलाब सलग तीन वर्षं आजारी होता. नर्सरीत फुललेला दिसला, घरी आणला आणि भिंतीच्या आडोशाला लावला. तिथे सकाळी अकराशिवाय ऊन यायचं नाही, आलं तरी तासाभरात जायचं. पानांवर काळे ठिपके पडायचे, मग ती पिवळी होऊन गळायची. मी कडुनिंबाचं तेल फवारत राहिले. हा रोग बुरशीचा. पान सातेक तास ओलं राहिलं की ती आत शिरते, आणि त्या कोपऱ्यात दव वाळायलाच दुपार व्हायची. चौथ्या वर्षी छाटणी करून गुलाब सकाळच्या उन्हात हलवला. आता फवारणीचा पंप क्वचितच काढावा लागतो. भिंतीजवळ नेचे लावलेत, ते छान पसरलेत.

सेंद्रिय बागेत रासायनिक बुरशीनाशक वापरायचं नाही, त्यामुळे चुकीच्या जागी लावलेल्या झाडाला सावरायला हाती फारसं काही उरत नाही. म्हणून एक दिवस काढा, दर दोन तासांनी बागेत चक्कर मारा आणि ऊन कुठे पडतंय ते कागदावर मांडा. गुलाबाला, फळभाज्यांना किमान 6 तास ऊन हवं. पालेभाज्या 3-4 तासांतही येतात. ऋतू बदलला की सावली सरकते, तेव्हा सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

मग फूटभर खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून मोजा. तासाला 2 ते 5 सेंटिमीटर पाणी उतरलं तर बहुतेक झाडं तिथे रमतील. त्याहून कमी उतरलं तर रोझमेरी, लॅव्हेंडर तिथे लावूच नका, मुळं कुजतात. अशा जागी कर्दळ किंवा अळू लावा.

झाडाचा पूर्ण वाढीचा घेर आधी विचारून तेवढं अंतर सोडा. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा एकाच कुळातले. त्यांना दरवर्षी एकाच वाफ्यात लावू नका, मातीतले रोग साचत जातात.

थोडी जागा कीटकांसाठी ठेवाच. मी कोथिंबीर आणि शेपू मुद्दाम फुलू देते. त्या बारीक फुलांवर फुलमाश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. फुलझाडं एकेरी पाकळ्यांची निवडा. दुहेरी फुलांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मधमाशीला परागकण मिळत नाहीत. लिंबाच्या पानांवर हिरवी अळी दिसली तर थोडी पानं तिला खाऊ द्या, तिचं फुलपाखरू होतं.

नर्सरीत कुंडी अलगद उलटी करून मुळं बघा. ती पांढरी असावीत, कुंडीच्या आकारात गोल गुंडाळलेली नसावीत. रोपावर आधी काय फवारलंय तेही विचारा, कारण काही कीटकनाशकं झाडात भिनतात आणि मकरंदातून, परागातून मधमाशीपर्यंत पोचतात. आणि फुलांनी लगडलेलं रोप सोडून त्याच्या शेजारचं बुटकं, घट्ट पानांचं रोप उचला.