एका डिस्ट्रोची टेस्ट केस दुसऱ्या डिस्ट्रोत चालावी म्हणून ती कशी लिहावी

फेडोरा, ओपनसुसे आणि डेबियन या तिन्ही डिस्ट्रोंच्या, म्हणजे लिनक्सवर आधारलेल्या तयार प्रणालींच्या, प्रकल्पांत ओपनक्यूए हे आपोआप चाचण्या घेणारे साधन वापरले जाते. व्हर्च्युअल मशीन सुरू करणे, कीबोर्डच्या कळा पाठवणे आणि स्क्रीनवर काय उमटले ते तपासणे ही कामे तिन्हीकडे एकाच इंजिनाने होतात. तरीही चाचण्यांच्या रिपॉझिटऱ्या (कोडची भांडारे) तीन आहेत, आणि लॉगिन होते का, ब्राउझर उघडतो का, अशा साध्या तपासण्यासुद्धा तीन ठिकाणी वेगवेगळ्या लिहिलेल्या आढळतात. चाचणी लिहिताना आपण ती आपल्याच डिस्ट्रोच्या घडणीत इतकी गुंतवून ठेवतो की ती सोडवून घेण्यापेक्षा नव्याने लिहिणे दुसऱ्याला सोपे वाटते. म्हणून चाचणी मुळातच सुटी कशी लिहावी, हे एका लहान उदाहरणाच्या आधारे येथे मांडले आहे.

उदाहरण आपल्या भाषेचे घेऊ. मराठी लोकेल (भाषा, तारीख वगैरेंची स्थानिक मांडणी) लावून डेट कमांडला १ मार्च या तारखेच्या महिन्याचे नाव विचारले, तर उत्तर देवनागरीत ‘मार्च’ असे आले पाहिजे. तपासायचे आहे ते एवढेच. मात्र हे लोकेल यंत्रावर आणण्याची रीत प्रत्येक ठिकाणी निराळी आहे. फेडोरात जीलिबसी या मूलभूत सी लायब्ररीचे मराठी लँगपॅक बसवावे लागते, डेबियनमध्ये लोकेल्स पॅकेज बसवून लोकेल तयार करून घ्यावे लागते किंवा सर्व लोकेल एकत्र असलेले पॅकेज घ्यावे लागते, आणि ओपनसुसेत ते जीलिबसी-लोकेल या पॅकेजातून येते. ही पूर्वतयारी चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये अजिबात येऊ देऊ नये. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत डीएनएफ किंवा ॲप्ट यांसारखी पॅकेज बसवणारी कमांड आली, की ती चाचणी त्या डिस्ट्रोपुरतीच उरते. स्क्रिप्टने फक्त तपासावे. कोणती गोष्ट आधी हजर हवी हे शेजारच्या माहितीफाइलीत लिहावे, आणि ती कशी आणायची हे ज्याने त्याने ठरवावे.

चाचणीचा हेतूही एका वाक्यात लिहून ठेवावा. उबुंटूमध्ये २५.१० या आवृत्तीपासून डेट कमांड रस्ट भाषेत लिहिलेल्या कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडसंचातून येते. तेथे ही चाचणी नापास झाली, तर दोष जीलिबसीच्या लोकेल-माहितीत शोधायचा की डेट कमांडमध्ये, हे हेतू लिहिलेला असेल तरच वाचणाऱ्याला कळेल.

आता या चाचणीतला खरा धोका पाहू. लोकेल बसवलेले नसेल, तर डेट कमांड तक्रार करत नाही; ती मुकाट्याने इंग्रजीत महिन्याचे नाव छापते आणि एक्झिट कोड (काम कसे संपले ते सांगणारा आकडा) शून्य देते. केवळ एक्झिट कोड पाहणारी चाचणी अशा वेळी पास ठरते. मी एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात नेलेली एक चाचणी याच कारणाने बराच काळ हिरवी दिसत होती, आणि त्या यंत्रावर मराठी लोकेल कधी आलेच नव्हते, हे एका वापरकर्त्याने सांगेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. तेव्हापासून मी दोन गोष्टी कटाक्षाने करतो. उपलब्ध लोकेलच्या यादीत मराठी आहे का हे आधी पाहतो आणि नसल्यास चाचणी ‘वगळली’ असे नोंदवतो. असल्यास छापून आलेला शब्द अक्षरशः ताडून पाहतो.

‘वगळली’ हे सांगायचे कसे, याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते, कारण शून्य म्हणजे पास यावर सर्वांचे एकमत असले तरी पुढच्या आकड्यांबाबत ते नाही. डेबियनच्या पॅकेजांच्या चाचण्या चालवणाऱ्या ऑटोपीकेजीटेस्टमध्ये चाचणीला ‘वगळता येण्याजोगी’ अशी खूण असेल, तर ७७ हा कोड वगळल्याचा मानला जातो. लिनक्स कर्नलच्या केसेल्फटेस्ट या स्वतःच्या चाचणीसंचात त्याच अर्थाने ४ वापरतात. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमध्ये, म्हणजे एलटीपीत, यंत्राची रचना चाचणीस अनुरूप नसल्याचे ३२ या आकड्याने कळवतात, आणि तेथे ४ चा अर्थ इशारा असा आहे. आकडा २ तर आणखी फसवा आहे: एलटीपीत तो चाचणीची मांडणीच मोडल्याचे सांगतो, तर केसेल्फटेस्टमध्ये नापास होणे अपेक्षितच होते असे सांगतो. म्हणजे एका प्रकल्पाची स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलून दुसऱ्याच्या रनरखाली (चाचण्या चालवणाऱ्या साधनाखाली) ठेवली, तर ती व्यवस्थित चालूनही निकाल चुकीचा नोंदवला जाऊ शकतो. यावर उपाय असा की निकाल टॅप या मजकुरी स्वरूपातही छापावा. आधी एकूण चाचण्यांची संख्या, मग प्रत्येकीसाठी ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’, आणि वगळल्यास त्याच ओळीत कारण, अशी त्याची साधी रचना असते. पर्लच्या जगातून आलेले हे स्वरूप वाचणारी साधने सर्वत्र मिळतात, आणि त्याचेच एक रूप कर्नलच्या चाचण्यांत वापरले जाते. त्या त्या रनरचा एक्झिट कोड ठरवण्याचे काम एका छोट्या वेष्टन-स्क्रिप्टवर सोपवावे.

स्क्रिप्ट पॉझिक्स या सामाईक मानकातल्या साध्या शेलमध्ये लिहावी, कारण ‘एसएच’ या नावाने डेबियनमध्ये डॅश चालतो आणि फेडोरात बॅश. दुहेरी चौकटी कंसातली अट फेडोरात चालते व डेबियनमध्ये अडते. ऑटोपीकेजीटेस्टची आणखी एक सवय ठाऊक असावी: वेगळी परवानगी नोंदवलेली नसेल, तर स्टँडर्ड एररवर एक ओळ जरी आली तरी ते चाचणी नापास धरते.

ओपनक्यूएच्या नीडल्स मात्र वाटून घेण्याच्या फंदात पडू नये. नीडल म्हणजे अपेक्षित स्क्रीनचे चित्र आणि त्यातील कोणता भाग जुळला पाहिजे हे सांगणारी जेसन फाइल. वॉलपेपर, फॉन्ट किंवा थीम बदलली की चित्र जुळत नाही, आणि दोन डिस्ट्रोंमध्ये या गोष्टी बहुधा वेगळ्या असतात. वाटून घ्यायचे तर टॅगांची नावे घ्यावीत, म्हणजे ‘लॉगिनची स्क्रीन आली’ या एकाच नावाखाली ज्याने त्याने आपले चित्र ठेवावे. जे कमांडने तपासता येते ते चित्राने तपासूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या उदाहरणात आणखी एक अडचण येते. ओपनक्यूए अक्षरे कीबोर्डच्या कळा दाबल्याप्रमाणे पाठवते, त्यामुळे देवनागरी शब्द त्या वाटेने थेट टाइप करता येत नाही. म्हणून अपेक्षित शब्द स्क्रिप्टमध्येच लिहावा, स्क्रिप्ट चाचणी-रिपॉझिटरीच्या डेटा फोल्डरमध्ये ठेवावी, आणि यंत्रातून ती डाउनलोड करून चालवावी.

चाचणी ठेवायची कोठे, याचे उत्तर शक्यतो मूळ प्रकल्पात, असेच आहे. सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) तपासणारी चाचणी एलटीपीत गेली, की ती चालवणाऱ्या प्रत्येक डिस्ट्रोला आपोआप मिळते. ओपनसुसे आपल्या ओपनक्यूएमध्ये एलटीपी चालवतेच. एखाद्या पॅकेजची चाचणी त्या पॅकेजच्या स्वतःच्या चाचणीसंचात द्यावी. डेबियनच्या सोर्स पॅकेजमध्ये असलेल्या चाचण्या उबुंटूला पॅकेजासोबतच मिळतात, आणि दोन्हीकडे नवी आवृत्ती पुढे सरकवताना त्यांचे निकाल पाहिले जातात. वाटून घेण्याची याहून चांगली रीत माझ्या पाहण्यात नाही. फेडोराच्या बाजूने टीएमटी या चाचण्या सांभाळणाऱ्या व चालवणाऱ्या साधनाचा उपयोग होतो. त्याच्या माहितीफाइलीत सारांश, चालवायची स्क्रिप्ट, लागणारी पॅकेजे आणि कमाल वेळ लिहितात, आणि त्याच्या योजनेत दुसऱ्या गिट रिपॉझिटरीचा पत्ता देऊन तेथील चाचण्या थेट आणता येतात. रूट अधिकार लागतात का, नेटवर्क लागते का आणि चाचणीनंतर यंत्र पुन्हा वापरण्याजोगे उरते का, हेही माहितीत अवश्य लिहावे.

प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर एसपीडीएक्स या परवान्यांची नावे प्रमाणित रीतीने लिहिण्याच्या पद्धतीची परवान्याची ओळ हवी. तिच्याविना सुटी फाइल घेणाऱ्याला ती कोणत्या परवान्याखाली आहे हे कळत नाही.

देण्याआधी चाचणी मुद्दाम नापास करून पाहावी. फेडोरा आणि डेबियन यांच्या मूळ कंटेनर इमेजमध्ये मराठी लोकेल नसते, त्यामुळे तेथे ती जशीच्या तशी चालवली की ‘वगळली’ हा निकाल आला पाहिजे. मग लोकेल बसवून चालवावी आणि पास होते का पाहावे. शेवटी अपेक्षित शब्द बदलून ‘एप्रिल’ करावा आणि ती खरोखर नापास होते याची खात्री करावी. हे तिन्ही निकाल दोन्ही इमेजवर मिळेपर्यंत चाचणी कोणाला देऊ नये.

घेणाऱ्याने चाचणी बदलत्या शाखेवरून न घेता ठरावीक कमिटवरून (रिपॉझिटरीत नोंदलेल्या एका ठरावीक स्थितीवरून) घ्यावी आणि तो कमिट ठरलेल्या वेळी, निकाल पाहून, पुढे न्यावा. स्क्रिप्टमध्ये दोष आढळला, तर आपल्या प्रतीत दुरुस्ती करून थांबू नये. तोच पॅच मूळ रिपॉझिटरीला पाठवावा आणि कोणत्या डिस्ट्रोच्या कोणत्या आवृत्तीवर दोष दिसला ते कमिट-संदेशात लिहावे.