या चुका टाळा: स्पीकरचा खर्ज हरवतो कुठे?

बेस कमी पडतोय असं वाटलं की पहिला हात जातो नॉबकडे. तो शेवटपर्यंत पिळून झाला की जास्त वॅटचा अ‍ॅम्प येतो, मग मोठा सब-वूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर. एवढा खर्च होऊनही खालचा सूर काही येत नाही, नुसतं घुमायला लागतं. खर्ज हे हवा हलवण्याचं काम आहे. दोष बहुतेक वेळा पेटीत नाहीतर खोलीत असतो, आणि हाय-फायच्या पहिल्या पिढीने त्याचा हिशेब केव्हाच मांडून ठेवलाय.

नॉबपासूनच सुरुवात करू. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, म्हणजे 80 हर्ट्झवरून 40 वर यायचं, तर वूफरच्या (खर्ज देणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कोनाला, म्हणजे त्याच्या हलणाऱ्या शंकूला, चौपट अंतर मागेपुढे व्हावं लागतं. त्यात नॉबने 10 डेसिबल चढवले की त्या पट्टीत अ‍ॅम्पकडे दहापट वॅटची मागणी होते. छोटा वूफर इथे हात टेकतो. मागितलेल्या 40 ऐवजी तो 80 आणि 120 हर्ट्झच जास्त देऊ लागतो आणि आपण त्यालाच बेस समजून खूश होतो. मोबाइलवर टोन जनरेटर घ्या, आधी 80 आणि मग 40 हर्ट्झचा सूर अगदी बेताच्या आवाजात वाजवा. खाली उतरल्यासारखं न वाटता नुसती खरखर आली, तर त्या स्पीकरची मजल तिथेच संपते. आवाज वाढवत बसू नका, वूफरमधली तारेची कॉइल जळेल.

छोटी पेटी, मोठी अपेक्षा

पेटीचा आकार, बेसची खोली आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तो फार निर्दय आहे. 40 हर्ट्झऐवजी 20 पर्यंत उतरायचं आणि कार्यक्षमता तेवढीच हवी, तर पेटी आठपट मोठी लागते. चार इंची वूफरच्या खोक्यावर ‘डीप बेस’ छापलेलं दिसलं की हे आठवावं.

पॉल क्लिप्श यांनी 1946 मध्ये अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात कंपनी काढली आणि मोठ्या पेटीचा रस्ता धरला. त्यांचा क्लिप्शहॉर्न स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि तिथल्या भिंतींनाच भोंग्याचा पुढचा भाग करून टाकतो. थोड्या वॅटमध्येही तो घर दणाणून सोडतो. एडगर विल्चर बरोबर उलटे गेले. 1954 मध्ये त्यांनी विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्यासोबत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च (एआर) ही स्पीकर कंपनी सुरू केली. त्यांच्या एआर-1 ची पेटी जेमतेम 25 इंच उंच, पण खर्ज त्या काळच्या कपाटाएवढ्या पेट्यांना लाजवणारा. वूफरचं सस्पेन्शन, म्हणजे कोनाला धरून जागेवर आणणारी लवचिक कड, मुद्दाम ढिलं ठेवायचं, पेटी हवाबंद करायची आणि कोनाला जागेवर आणायचं काम आतल्या हवेच्या स्प्रिंगवर सोडायचं, ही त्यामागची युक्ती. किंमत मोजावी लागली ती अ‍ॅम्पच्या ताकदीत. मला यातलं विल्चरचं डोकं जास्त आवडतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तेच परवडतं.

म्हणूनच जुन्या हवाबंद पेट्यांची दुरुस्ती करताना होणाऱ्या चुका महागात पडतात. फाटका वूफर काढून लॅमिंग्टन रोडवरून त्याच मापाचा, पण डीजे सेटचा कडक वूफर आणून बसवला जातो. माप जुळतं, खर्ज जातो, कारण त्याचं सस्पेन्शन कडक असतं आणि हवेच्या स्प्रिंगला काही कामच उरत नाही. ‘श्वास घ्यायला’ म्हणून पेटीला भोक पाडणारे कारागीरही भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका.

गळती तपासणं सोपं आहे. अ‍ॅम्प बंद करा, डस्ट कॅपच्या, म्हणजे कोनाच्या मधल्या टोपीच्या, दोन्ही बाजूंना बोटं टेकवून कोन हलकेच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी घट्ट आहे. टचकन आला तर स्क्रूखालचं गास्केट, मागचे टर्मिनल आणि कडेचा फोम बघा. आपल्या दमट किनारपट्टीवर फोमचा चिकट चिखल होतो आणि बोट लावलं की तुकडे हातात येतात. कडक होणाऱ्या गोंदाने तो सांधू नका. त्याच मापाची नवी फोम रिंग बसवून घ्या, मूळ वूफर वाचतो.

भोक असलेल्या पेटीची, म्हणजे बेस रिफ्लेक्सची, गोष्ट वेगळी. ते पेटंट बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरास यांचं, 1932 चं. पण पोर्टची, म्हणजे त्या भोकातल्या पाइपची, लांबी बरीच वर्षं अंदाजानेच ठरायची. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित बसवलं. तेव्हा दुसऱ्याच्या पेटीतल्या पाइपची लांबी आपल्या पेटीला लावू नका. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खाली कोनामागचा हवेचा आधार जातो. वाकडी एलपी तबकडी लावली की वूफर फडफडताना दिसतो, आवाज मात्र नाही, तो याच कारणाने.

मग खोली

बारा फुटी खोलीत लांबीच्या दिशेचा पहिला अनुनाद, म्हणजे खोली ज्या सुराला स्वतःच घुमते तो, साधारण 47 हर्ट्झवर येतो. सोफा बरोबर मध्यावर असेल तर तो सूर तिथे जवळजवळ गायब, आणि भिंतीला टेकून बसलं की कानठळ्या. त्यात दोष स्पीकरचा नाही. एआरमध्ये काम केलेले रॉय अ‍ॅलिसन यांनी भिंती आणि जमीन बेस कसा खातात ते 1974 मध्ये मोजून दाखवलं. वूफरपासून जमीन, मागची भिंत आणि बाजूची भिंत ही तिन्ही अंतरं सारखी ठेवू नका. सब-वूफर असेल तर तो चक्क सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवा आणि रांगत भिंतीकडेने फिरा. घरचे हसतील. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो तिथे सब-वूफर न्या. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सब-वूफरकडे जातात ती सीमा, 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा. 150 वर ठेवला की बातम्या देणारा माणूससुद्धा माठातून बोलतो.

आणि हे सगळं करण्याआधी, खरं तर सगळ्यात आधी, तारा बघा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली असेल तर दोन्ही वूफर एकमेकांचा खर्ज खातात. अ‍ॅम्प बंद करून एकाच स्पीकरच्या मागच्या तारांची अदलाबदल करा आणि तेच गाणं पुन्हा लावा. बेस भरला तर तारा तशाच राहू द्या.