कापड आणि अ‍ॅक्सेसरीजच्या इंटरनॅशनल फेअरला जाताय? मग हे बघून जा

शांघायचं इंटरटेक्स्टाइल घ्या नाहीतर पॅरिसचं प्रीमिएर व्हिजन, दोन्ही वर्षातून दोनदा भरतात आणि दोन्हीकडे माणूस आत शिरला की गांगरतोच, हॉलमागून हॉल नुसतं कापड. त्यामुळे रजिस्ट्रेशन आधीच ऑनलाइन करून टाका (एन्ट्री धंद्यातल्या लोकांनाच असते, कंपनीचं कार्ड भरपूर घ्या) आणि एक्झिबिटर लिस्ट उघडून आपल्या कामाचे स्टॉल हॉलप्रमाणे लिहून काढा.

माझं मत विचाराल तर अ‍ॅक्सेसरीज आधी उरका. सगळे कापडात दिवस घालवतात आणि झिप-बटणांकडे संध्याकाळी पाय दुखायला लागल्यावर जातात, आणि मग कापड वेळेत येतं पण बटणापायी माल अडकतो. इथे मापाची भाषा नीट वापरा, ५ नंबर झिप म्हणजे बंद झिपचे दात साधारण ५ मिलिमीटर रुंद, आणि बटण एलमध्ये मोजतात, ४० एल म्हणजे १ इंच. कपड्याचा सॅम्पल सोबत असेल तर बटण त्यावरच ठेवून बघा, काउंटरवर सगळंच छान दिसतं.

आता कापड. हँगर (टांगून ठेवलेला कापडाचा नमुना) हातात आला की नुसतं "वा, मस्त पोत" म्हणून पुढे जायचं नाही, मुठीत चुरगळून बघा, ताणून बघा, आणि त्याच्या मागच्या लेबलवरचं कंपोझिशन (कोणता धागा किती टक्के), जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), पन्हा (कापडाची रुंदी) वाचा. पन्हा विचारताना कटेबल किती ते विचारा, कडा सोडून. रंग हॉलच्या लाइटवर ठरवू नका, तुकडा मागून घ्या आणि दिवसाच्या उजेडात बघा.

भावात जास्त गोंधळ होतो. कोणी मीटरचा सांगतो, कोणी यार्डाचा आणि निटवाले (टी-शर्टसारखं ताणणारं कापड विकणारे) किलोचा. यार्ड ०.९१४४ मीटर, म्हणजे यार्डाचा भाव मीटरचा समजलात तर कापड तुम्हाला नऊ-साडेनऊ टक्के महाग पडलं. किलोचं असं करा, जीएसएम गुणिले मीटरमधला पन्हा, की एका मीटरचं वजन ग्रॅममध्ये मिळतं. १८० जीएसएम, दीड मीटर पन्हा, म्हणजे २७० ग्रॅम, किलोत साधारण ३.७ मीटर बसलं. हे तिथेच मोबाइलवर करा, हॉटेलवर जाऊन नको. भावासोबत एमओक्यू (कमीत कमी किती माल घ्यावा लागतो) पण विचारा, आणि तो दर रंगाला की पूर्ण ऑर्डरला हेही, कारण तिथेच छोटे लोक फसतात.

सर्टिफिकेटचा लोगो बघून भुलू नका. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे घातक केमिकलची टेस्ट झालीय, ऑरगॅनिक आहे असं नाही. ऑरगॅनिकसाठी जीओटीएस हे वेगळं सर्टिफिकेट, त्यात निदान ७० टक्के ऑरगॅनिक धागा लागतो. नंबर मागा आणि ऑनलाइन टाकून तपासा, मुदतही बघा.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका, डिझाइनवाले फार चिडतात, आणि बरोबर आहे त्यांचं. प्रत्येक स्वॉचवर (नमुन्याच्या तुकड्यावर) स्टॉल नंबर, भाव, लीड टाइम (ऑर्डरनंतर माल मिळायला लागणारा वेळ) लगेच पेनाने लिहा नाहीतर रात्री बॅग उपडी केल्यावर सगळं सारखंच दिसतं.

बल्क ऑर्डर तिथे उभ्या उभ्या देऊ नका. परत आल्यावर थोडं सॅम्पल यार्डेज (नमुन्यापुरतं काही मीटर कापड) मागवा, त्यावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, परत मोजा. उभी बाजू ४८.५ भरली तर ३ टक्के आटलं, मग तेवढं पॅटर्नमध्ये धरायचं की दुसरी मिल बघायची ते ठरवा.