केटलमधला पांढरा थर खरवडू नका, विरघळवा : या चुका टाळा

नाशिकमध्ये थंडी पडली की इलेक्ट्रिक केटल ओट्यावर येते आणि होळीपर्यंत तिच्या तळाला पांढरट, खरखरीत थर धरलेला असतो. मग कुणी तारेची घासणी लावतं, कुणी केटल खराब झाली म्हणून नवी आणतं. दोन्हीची गरज नसते. हा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. सौम्य आम्लात तो अर्ध्या तासात विरघळतो. बिघडतं ते आम्लाच्या निवडीत आणि घाईत.

कुठल्या नळाचं पाणी भरतो, हे न पाहणं

सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांतून येणारं महापालिकेचं पाणी म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात क्षार तुलनेनं कमी. बोअरचं पाणी मात्र इथल्या काळ्या पाषाणाच्या भेगांमधून मुरत जातं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन वर येतं. अनेक सोसायट्यांत ही दोन्ही पाणी गच्चीवरच्या टाकीत एकत्र होतात, उन्हाळ्यात त्यात टँकरची भर पडते. त्यामुळे पावसाळ्यात स्वच्छ राहणारी केटल एप्रिल-मेमध्ये बघता बघता पांढरी पडते.

पाणी जड आहे का, हे घरातच कळतं. साबणाला फेस येत नाही, तूरडाळ जास्तीच्या शिट्ट्या देऊनही नीट शिजत नाही, बाथरूमच्या नळांवर पांढरे ओघळ दिसतात, कोऱ्या चहावर पातळ साय आल्यासारखा तवंग येतो. स्वयंपाकघरात महापालिकेच्या पाण्याचा वेगळा नळ असेल तर केटल त्यावरच भरा. नसेल तर आरओचं पाणी वापरा. एवढ्या एका सवयीनं थर बसण्याचा वेग खूपच मंदावतो.

टीडीएस मीटरवरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, आकडा मात्र इथे फसवतो. त्यात सोडियमसारखे थर न धरणारे क्षारही मोजले जातात. बघायचा तो कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. म्हणजे पाणी पिण्यालायक असलं तरी केटलमध्ये भरपूर थर धरू शकतं. तुरटी फिरवून फायदा नाही, तिनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार नाही.

उरलेलं पाणी तसंच ठेवणं

पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कार्बोनेट सगळ्यात गरम जागी, म्हणजे तळाच्या पट्टीवर, बसतं. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. तेच पाणी सकाळी, दुपारी, संध्याकाळी पुन्हा पुन्हा उकळलं की ते आणखी दाट होत जातं. लागेल तेवढंच पाणी घ्या, उरलेलं ओता, झाकण उघडं टाकून केटल कोरडी होऊ द्या.

घासणी आणि सुरी

तारेच्या घासणीनं थर पूर्ण निघत नाही आणि स्टीलवर ओरखडे मात्र उठतात. पुढचा थर त्या खरखरीत जागी आणखी घट्ट बसतो. केटल नळाखाली धरून धुणं किंवा बादलीत बुडवणं तर त्याहून वाईट, कारण तळातल्या जोडणीत पाणी गेलं तर शॉक बसू शकतो.

चुकीचं ॲसिड

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या क्षारांनी चोंदल्या की त्यात ॲसिड सोडतात, हे इथे घरोघरी माहीत असतं. त्यातूनच कुणाला तरी केटलमध्ये तेच ओतायचं सुचतं, किंवा संडास साफ करायचं ॲसिड. कृपा करून हे करू नका. ठिबकची नळी प्लास्टिकची असते. केटल स्टीलची असते आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलला बारीक खड्डे पाडतं. शिवाय ज्या भांड्यातलं पाणी आपण पितो त्यात ते कधीच जाऊ नये. ब्लीचिंगचं द्रावणही नको, आणि आम्लासोबत तर मुळीच नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालण्याची युक्ती फार पसरली आहे. फसफस जोरात होते, म्हणून काम होतंय असं वाटतं. खरं तर आम्ल सोड्याशी लढण्यातच संपतं आणि थर जागच्या जागी राहतो. इनोचंही तेच, त्यात सोडा आणि सायट्रिक ॲसिड एकत्रच असतात. चिंच तांब्या-पितळेला उत्तम, पण तिच्यातल्या टार्टरिक आम्लाचा कॅल्शियमशी जो क्षार बनतो तो पाण्यात फारसा विरघळत नाही. ताज्या लिंबाचा रस चालतो, पण गर चोचीच्या जाळीत अडकतो आणि पुष्कळ लिंबं लागतात.

मग करायचं काय?

लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. ढोकळ्यात घालतो तेच. रविवार कारंजाच्या बाजारात काय, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतं.

केटल अर्धी किंवा थर बुडेल इतकी भरा, काठोकाठ नको, फेस वर येतो. पाणी चांगलं गरम करा, पण उकळी फुटायच्या आत बंद करा आणि प्लग काढा. मग लिटरमागे सपाट मोठा चमचाभर लिंबूसत्त्व हळूहळू घाला. उकळत्या पाण्यात एकदम टाकलं तर फेसासकट गरम पाणी हातावर येऊ शकतं. २० ते ३० मिनिटं तसंच राहू द्या. पाणी ओता, मऊ स्पंजनं पुसा, दोनदा विसळा. शेवटी साधं पाणी एकदा उकळून टाकून द्या.

थर जाड असेल तर एकाच वेळी जास्त लिंबूसत्त्व घालून खळाखळा उकळण्याचा मोह होतो. ते टाळा. सायट्रिक ॲसिडनं बनणारं कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात उलट कमी विरघळतं आणि दाट द्रावणातून पांढरी भुकटी होऊन परत तळाशी बसतं. लोकांना वाटतं थर गेलाच नाही. त्यापेक्षा सौम्य द्रावण दोन-तीनदा नव्यानं वापरा.

व्हिनेगर हाताशी असेल तर तितकंच पाणी मिसळून तासभर ठेवा. उकळू नका, वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. प्लास्टिकच्या केटलला त्याचा वास बरेच दिवस राहतो, म्हणून मी लिंबूसत्त्वच सुचवेन.

बोअरचं पाणी वापरत असाल तर हे १५ दिवसांतून एकदा करा, महापालिकेचं असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी पुरतं. थर पातळ असतानाच काढला तर एक खेप बास होते.

तरीही अडचण आली तर

केटल उकळी येण्याआधीच बंद होत असेल तर बहुधा थर कारणीभूत आहे. तो पट्टीची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचू देत नाही, पट्टी जास्त तापते आणि कोरड्या केटलसाठी असलेलं संरक्षण चालू होतं. उलट, उकळूनही बंद होत नसेल तर झाकण पाहा. ते नीट बसलं नसेल किंवा आतल्या बाजूला असलेलं वाफेचं भोक क्षारांनी बुजलं असेल, तर वाफ स्विचपर्यंत जातच नाही.

चहात पांढरे पापुद्रे येत असतील तर ते अपायकारक नाहीत, पण चोचीची जाळी काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवा. तांबूस डाग सहसा पाण्यातल्या लोहाचे, तेही याच द्रावणात फिके होतात. काळे, करपलेले डाग मात्र दूध किंवा मॅगी उकळल्याचे, त्यांना आम्ल उपयोगी पडत नाही. त्यावर सोड्याची दाट पेस्ट तासभर लावून ठेवा आणि मऊ कापडानं पुसा.

थर निघाल्यावर तळाला खड्डे दिसले, किंवा केटलखालचा ओटा ओला होऊ लागला, तर ती पुन्हा प्लगला लावू नका.