शेतकऱ्याच्या रानात मुक्काम करायचाय? परवानगी अशी मागा

चकमकीवर जाळ पेटवायचा, घायपाताचा वाख म्हणजे पानातले तंतू काढून दोर वळायचा, बांबू-पाल्याचा आसरा उभारून त्यात रात्र काढायची. याला हल्ली बुशक्राफ्ट म्हणतात. सह्याद्रीत हे करायला जागा कुठे मिळणार? राखीव जंगलात जाळ पेटवणं भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे गुन्हा आहे. अभयारण्यात शिरायलाही वन विभागाची परवानगी लागते. उरते खासगी जमीन, म्हणजे कुणाचा तरी माळ, वरकस (उतारावरची हलकी जमीन), ओढ्याकाठचं पडीक. तिथे खुशाल राहता येतं, पण ज्याचं रान त्याने मनापासून हो म्हटलं तर.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे मला नीट कळलं नव्हतं. भोर तालुक्यातल्या एका गावात रस्त्यात भेटलेल्या तरुणाने "टाका की तंबू, आमचंच हाय" असं सांगितलं आणि आम्ही टाकला. रात्री नऊला बॅटरी घेऊन त्याचे थोरले भाऊ आले. जमीन सामाईक होती आणि त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. "रातीचं आता कुठं जाता? ऱ्हावा. पर जाळ इझवा," एवढंच बोलून ते बांधावर बसले आणि निखारे विझेपर्यंत तिथून हलले नाहीत. दिवसभर राबलेल्या माणसाची झोप आम्ही मोडली होती. तेव्हापासून मी परवानगीची एकच कसोटी मानतो: आपण रानात असताना मालकाला घरी निर्धास्त झोप लागली पाहिजे.

आधी जमीन कुणाची ते काढा

महाभूलेख या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा दिसतो. नुसता पाहायला पैसे पडत नाहीत. गट नंबर ठाऊक नसेल तर गावात विचारा किंवा भू-नक्शा या जमिनींच्या ऑनलाइन नकाशावर शोधा. सातबाऱ्यावर भोगवटादारांची नावं वाचा आणि 'इतर हक्क' हा रकाना चुकवू नका. 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याची नोंद तिथे सापडू शकते. ती असेल, किंवा मालक म्हणून महाराष्ट्र शासन, वन विभाग, गायरान असं काही लिहिलेलं असेल, तर शेजारचा शेतकरी कितीही आग्रहाने 'या' म्हणाला तरी ती परवानगी द्यायचा अधिकार त्याच्याकडे नाही.

धरणाकाठी विशेष जपा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी सपाट, मऊ जमीन तंबूसाठी फार मोहात पाडते. तिथे कुणी पीकही घेतलेलं दिसतं. पण ती बहुधा संपादित झालेली गाळपेर जमीन असते आणि कसणाऱ्याला फक्त पेरणीपुरती दिलेली असते. काठ सोडून वर, मालकीच्या रानात जागा बघा.

उताऱ्यावर दहा-बारा नावं निघाली तरी दचकायचं कारण नाही. निम्मे लोक मुंबई-पुण्याला असतात. गावात एवढंच विचारा, "हे रान सध्या कोण बघतं?" जो बघतो त्याचा होकार हवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर गोष्ट गेलेली हवी. दोन्ही झाल्याशिवाय सामान बांधू नका.

पंधरा दिवस आधी, उजेडी, रिकाम्या हाताने जा

पाठीवर सॅक आणि मागे सहा जण उभे असताना विचारलं तर समोरच्याला नाही म्हणणं अवघड जातं. असा होकार काही खरा नसतो. दोघंच जा. भातलावणीच्या आणि कापणीच्या घाईत जाऊ नका. सकाळी दूध घालायला माणसं डेअरीवर येतात, तिथे चार जणांशी बोलणं होतं.

"पाव्हणं कुठलं?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर नीट द्या. नाव, मूळ गाव, आता कुठे राहता, काय काम करता, सगळं सांगा. विचारणारा तुमची ओळख कुठेतरी जोडून बघत असतो आणि ती जुळली की पुढचं बोलणं सोपं होतं. वयाप्रमाणे दादा, मामा, आजी म्हणा. पुरुष बाहेरगावी असतात अशा पुष्कळ घरांत शेती बाईच बघते. तिथे "मालक कधी येतील?" असं न विचारता "ताई, तुमच्या रानाबद्दल विचारायचं होतं" अशी सुरुवात करा आणि ओट्यावर बसूनच बोला.

'बुशक्राफ्ट' हा शब्द तिथे काढू नका. करणार काय तेच सांगा: दोर वळणार, आसरा बांधणार, चुलीवर भात शिजवणार, एक रात्र झोपणार. कितीतरी वेळा यावर समोरचे आजोबा हसले आहेत आणि वाख कसा काढायचा ते त्यांनीच दाखवलं आहे. घायपाताचं पान कुजवायचं किती दिवस, दगडावर ठेचायचं कसं, धुताना हात कुठे धरायचा, हे मी असंच एका ओट्यावर शिकलो.

मागणी नेमकी करा

किती जण, कोणत्या तारखेला किती वाजता येणार, कधी निघणार, गाडी कुठे लावणार, हे सगळं आकड्यांत सांगा. दारू पिणार नाही आणि गाणी लावणार नाही, हे त्यांनी विचारायच्या आत सांगा. आपल्या आधी येऊन गेलेल्यांच्या बाटल्या त्यांनी बांधावरून वेचलेल्या असतात.

खरी भीती आगीची असते. पावसाळा संपला की माळावरचं गवत कापून भारे बांधतात आणि गोठ्याशेजारी गंज रचतात. पुढचा पाऊस येईपर्यंत गुरं त्यावर जगतात. एका ठिणगीने ती गंज पेटली तर ऐन उन्हाळ्यात वैरण विकत आणायची वेळ येते, नाहीतर गुरं विकायची. म्हणून जाळाची जागा मालकालाच दाखवायला सांगा. ओढ्याच्या कोरड्या पात्रातली वाळू सर्वांत बरी. मात्र पात्रातले ओलसर दगड चुलीला लावू नका, तापले की ते फुटून उडतात. भोवतीचं दोन मीटर गवत-पाचोळा साफ करा आणि वीस लिटर पाणी भरून शेजारी ठेवा. वारा सुटला की जाळ बंद. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत तर मी जाळ मागतच नाही. गॅसची शेगडी नेतो आणि तसं आधीच सांगतो. शेतकरी स्वतः त्या दिवसांत राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, हे खरं, पण वारा बघून, चार माणसं हाताशी घेऊन भाजतात.

तोडण्याबद्दलही स्पष्ट बोला. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, साग, खैर, मोह, चिंच ही झाडं खासगी रानात असली तरी 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. मालकाला स्वतःलाही ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तेव्हा हिरव्याला कोयता लावायचाच नाही. जंगलाबाहेरचा बांबू 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या लेखी झाड उरलेला नाही, पण बेट मालकाचं आहे. किती काठ्या हव्यात ते सांगा आणि पैसे द्या. खाली पडलेल्या वाळक्या फाट्यांबद्दलही विचारा. आपल्याला ती फुकटची काटकी वाटते, त्या घरासाठी ते सरपण असतं. जवळ देवराई किंवा म्हसोबा-वाघजाईचं ठाणं असेल तर तिथलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही.

'बघू' म्हणजे हो नव्हे

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. "बघू की", "या मग कधीतरी", "पोरं आल्यावर इचारतो" ही नकाराची सभ्य रूपं आहेत. तिथे चिकाटी दाखवू नका. चहा संपवा आणि राम राम करून निघा. होकार आला की तो ओळखू येतो. माणूस उठतो आणि जागा दाखवायला पुढे चालू लागतो. "हितं नको, हितं पाणी मुरतं", "त्या दगडाखाली फुरसं निघतंय" असं तो सांगू लागला म्हणजे परवानगी मिळाली. त्याने दाखवलेली जागा आपल्याला कमी देखणी वाटली तरी तीच घ्या.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसाच्या शेजारी मुक्काम मागूच नका, तिथे बिबट्या आहे. इतरत्रही मालक "बाहेर झोपू नका" म्हणाला तर त्याचं ऐका. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे आणि पोलिसांसाठी 112. दोन्ही फोनमध्ये असू द्या.

चार ओळी लिहून द्या

कागद पुढे केला की काही जण बिचकतात. सही मागतोय म्हणजे जमिनीचं काहीतरी असणार, असं वाटतं. म्हणून लिहून मीच देतो, सही माझी असते आणि एक प्रत त्यांच्याकडे राहते:

"आम्ही (नावं, पत्ते, फोन) आपल्या गट नंबर ___ मध्ये दि. ___ ला दुपारी 4 पासून दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत आपल्या परवानगीने मुक्काम करत आहोत. जाळ फक्त आपण दाखवलेल्या जागी करू. झाड तोडणार नाही. आमच्यामुळे काही नुकसान झाल्यास भरून देऊ. या जागेवर आमचा कोणताही हक्क नाही."

शेवटच्या वाक्याने त्यांचा जीव भांड्यात पडतो. याच कागदाचा फोटो पोलीस पाटलांना पाठवा. रात्री रानात उजेड दिसला तर लोक त्यांनाच फोन करतात.

पैशांचं अवघडलेपण येतंच. एका रात्रीचे पैसे पुढे केले तर कितीतरी जणांच्या मनाला ते लागतं. त्यापेक्षा दूध, अंडी, तांदूळ त्यांच्याकडूनच विकत घ्या, संध्याकाळी पिठलं-भाकरी सांगा आणि त्याचे पैसे मोजून द्या. ते स्वतः दर सांगत असतील तर घासाघीस नको.

निघताना राख पाण्याने कालवा, हात घालून थंड झाल्याची खात्री करा आणि मगच पसरा. आसरा मोडून काठ्या एका जागी रचा. मालकाला मांडवाला किंवा वेलाला त्या उपयोगी पडतात. मग त्यांना बोलावून जागा दाखवा आणि राखेवर त्यांनाही हात ठेवू द्या. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं असेल तर पुन्हा पहिल्यापासून विचारा. मधल्या काळात वाटणी झालेली असू शकते, किंवा त्या माळावर आता कांदा उभा असेल.